गैरअर्जदार नंबर तीन

बिरूचं दहावं झाल्यावर सांडू कंपनीत गेला, तेव्हा त्याला कळलं की आपण मालक आहोत.

तो गेला होता वेगळ्याच कामाला. बिरूच्या बायकोला, सुगंधाबाईला, काही मिळेल का आणि मिळणार असेल तर अर्ज कुणाकडं करायचा, एवढंच त्याला विचारायचं होतं. वाळूजच्या त्या गेटवर वॉचमननं त्याला नेहमीसारखं मागच्या बाजूनं पाठवलं नाही. "आप सामने से जाओ, साब ने बुलाया है," म्हणत त्यानं काचेच्या दाराकडं बोट केलं. आठ वर्षांत सांडू त्या दारानं कधी आत गेला नव्हता. चपला बाहेर काढायच्या असतात की काय, त्याला कळेना. शेवटी काढल्या.

कामगारांचं बघणारे विश्वजीत साहेब तिशीतले होते. त्यांनी सांडूला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "तुमचा माणूस गेला."

"व्हय साहेब. आमच्या पिशोरच्याच वाडीवरचा. लहानपणापासून संगं..."

"तसं नाही म्हणत मी. तुमचा कामगार गेला. सांडू एंटरप्रायजेसचा."

सांडूनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

विश्वजीत साहेबांनी मग समजावून सांगितलं, आणि चांगलं समजावून सांगितलं. कंपनी गाड्यांना लागणारं रबरी सामान बनवते. छपराचे पत्रे बदलणं हे काही तिचं काम नाही. ते तिनं बद्रीनाथ ठेकेदाराला दिलं. बद्रीनाथनं ते सांडू एंटरप्रायजेसला दिलं. सांडू एंटरप्रायजेस म्हणजे तुम्ही. बिरू तुमच्याकडं कामाला होता. कंपनीचा त्याच्याशी काही संबंध येत नाही, तरी माणुसकी म्हणून गावापर्यंतच्या गाडीचं भाडं कंपनीनं भरलं.

"तुमच्या फर्मनं मजुरांचा विमा काढायला हवा होता," ते सौम्यपणे म्हणाले. "काढला नाही. हे बरोबर झालं नाही."

सांडू ओशाळला. का ओशाळला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, पण समोरचा माणूस इतका नीट बोलत होता की ओशाळणं भाग होतं.

"मंग सुगंधाबाईनं कुणाला इचारायचं?"

"तुम्हाला," विश्वजीत साहेब म्हणाले.

बाहेर येऊन चपला घालताना सांडूला हळूहळू आठवलं. दोन वर्षांपूर्वी बद्रीनाथनं त्याचं आधार, पॅन आणि फोटो नेले होते. पीएफचं काम आहे म्हणाला होता. नंतर एका दुपारी रसवंतीवर बसून त्याच्याकडून बऱ्याच ठिकाणी सह्या करून घेतल्या आणि वर उसाचा रस पाजला. तेव्हापासून मजुरांचे पगार सांडूच्या खात्यात यायचे, ते काढून त्यानं वाटायचे. त्याबद्दल हजेरीवर थोडी वाढ मिळायची. आपण मुकादम झालो असं सांडूनं घरी सांगितलं होतं. एंटरप्रायजेस झालो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बिरूचं मरणं साधंच होतं. पावसाळ्याआधी जुने फुटके पत्रे काढून नवे टाकायचं काम चाललं होतं. खाली मशीन चालू होत्या, कारण माल वेळेवर जायला हवा होता. छपराला मधूनमधून उजेडासाठी फायबरचे पत्रे असतात. वीस-बावीस वर्षांची धूळ आणि रबराची काजळी बसून ते सिमेंटच्या पत्र्यांसारखेच दिसायला लागले होते. बिरूनं त्यातल्या एकावर पाय ठेवला. पत्र्यासकट तो खाली आला. मशीनवर पडला नाही, बाजूच्या फरशीवर पडला, म्हणून लाइन अर्ध्या तासात पुन्हा चालू झाली. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

*

पिशोरला आल्यावर सांडू आधी घरी न जाता वाडीवर गेला. सुगंधाबाई मेंढ्या कोंडायची जाळी दुरुस्त करत बसली होती. बिरू कंपनीत जायला लागल्यापासून मेंढ्या कमी केल्या होत्या, पण पार मोडल्या नव्हत्या. पोरगी ज्ञानेश्वरी ओट्यावर पुस्तक घेऊन होती. तिची बारावी चालू होती.

"वैनी," सांडू म्हणाला, "तुम्हाला माझ्यावर केस करावी लागंल."

सुगंधाबाईनं हातातली गाठ आधी पुरी केली.

"तुमच्यावर? तुमच्याकडं काय हाय?"

"दीड एकर. ती बी भावाभावात."

"मंग?"

"मी मालक हाय म्हणे. बिरू माझ्याकडं कामाला व्हता."

"कवापासून?"

"दोन वर्सं झाली."

"ह्यांना माहीत व्हतं?"

"मलाच नव्हतं माहीत," सांडू म्हणाला.

सुगंधाबाईनं थोडा विचार केला. मग तिनं पोरीला चहा ठेवायला सांगितलं. मालक असो, नसो, माणूस उन्हातून आला होता.

वकील ज्ञानेश्वरीनं शोधली. तिच्या मैत्रिणीच्या मावशीची केस लढलेल्या एक रूपाली मॅडम होत्या. त्यांचं ऑफिस शहरात गुलमंडीवर एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर होतं. सुगंधाबाईला शहराची सवय नव्हती, म्हणून सांडू त्यांना एसटीनं घेऊन गेला. दोघींना अर्धं तिकीट लागलं, सांडूला पूर्ण.

"हे कोण?" रूपाली मॅडमनं विचारलं.

"सांडूभाऊ," सुगंधाबाई म्हणाली. "ह्यांच्यावर केस करायची हाय."

"मग हे इथं कसे?"

"त्यांनीच आणलं."

मॅडमनं चष्मा काढला, सांडूकडं बघितलं आणि पुन्हा घातला. "तुम्ही विरुद्ध पार्टी आहात. तुमच्यासमोर मला यांच्याशी बोलता येत नाही. बाहेर बसा."

सांडू जिन्यात बसला. दार लाकडी होतं आणि खाली फट होती, त्यामुळं त्याला सगळं ऐकू आलं.

मॅडम सांगत होत्या, की या कायद्यात चूक कुणाची हे फार बघत नाहीत. माणूस कामावर होता का आणि कामामुळं मेला का, एवढंच बघतात. भरपाई मालकानं द्यायची. मालक ठेकेदार असला तरी ज्या कंपनीसाठी काम चाललं होतं तिच्याकडून पैसे मागता येतात. तिनं आधी भरायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे.

"म्हंजे सांडूभाऊकडनं?" सुगंधाबाईचा आवाज आला.

"कागदावर तसं दिसतं."

"आन् कागदावर त्यांचं नाव टाकलंच नाही तर?"

"तर कंपनी टाकेल. आपण टाकलेलं बरं."

अशा रीतीनं अर्ज तयार झाला. अर्जदार सुगंधाबाई आणि तिची मुलगी. गैरअर्जदार नंबर एक कंपनी, नंबर दोन बद्रीनाथ, नंबर तीन सांडू. परतताना एसटीत सुगंधाबाईनं फडक्यातली भाकरी काढली आणि अर्धी गैरअर्जदार नंबर तीनला दिली.

*

नोटीस आल्यावर कंपनीनं सांडूला पुन्हा बोलावलं. वकिलाची काळजी करू नका, आमचे वकील तुमचंही काम बघतील, फी लागणार नाही, असं विश्वजीत साहेबांनी फोनवर सांगितलं. हे वकील वयानं मोठे होते, आवाज मऊ होता. त्यांनी सांडूची कैफियत आधीच टाइप करून ठेवली होती.

"वाचा आणि सही करा," ते म्हणाले. "घाई नाही."

सांडू सातवीपर्यंत शिकला होता. त्यानं सावकाश वाचलं. आपण कित्येक वर्षांपासून स्वतंत्र ठेकेदार आहोत, असं त्यात लिहिलं होतं. आपण बिरूला सुरक्षेचा बेल्ट दिला होता, तो त्यानं आपल्या समक्ष काढून ठेवला, असंही होतं. खाली आणखी एक कलम होतं.

"साहेब, ह्यात बिरू पेलेला व्हता असं लिवलंय."

"हो."

"हे कुणी पाह्यलं?"

"तुम्ही."

"मी नाय पाह्यलं."

"कैफियतीत पाहिलंय," वकीलसाहेब म्हणाले. "कैफियत तुमची आहे."

सांडू परत ते कलम वाचत बसला. बिरू चहासुद्धा पीत नसे, त्याला पित्त व्हायचं. रांजणगावच्या खोलीत दोघं आठ वर्षं राहिले. सकाळी सांडू चहा करायचा आणि बिरू त्याच गॅसवर नंतर आपल्यापुरतं दूध तापवायचा. आठवड्याला एकाच गाडीवर गावी जायचे. बिरू त्याला गमतीनं पाटील म्हणायचा. बेल्टचं म्हणाल तर बेल्ट होता. नवा कोरा, प्लास्टिकच्या पिशवीसकट, सुपरवायझरच्या केबिनमध्ये खुंटीला टांगलेला. तपासणीला कुणी आलं की तो दिसायचा.

"मी घरी इचारून येतो," सांडू म्हणाला.

घरी जाताना हर्सूलला बद्रीनाथनं त्याला अडवलं. म्हणजे फोन करून बोलावलं. बद्रीनाथचा बंगला रस्त्याच्या कडेलाच होता. अंगणात झोपाळा होता. बद्रीनाथ झोपाळ्यावर बसला आणि सांडूला प्लास्टिकची खुर्ची दिली.

"हे बघ सांडू, मी तुला भावासारखं सांगतो. सही कर. कंपनी तुझ्यावर वसुली करणार नाही, माझी जिम्मेदारी. उलट पुढचं काम खरंच तुझ्या नावावर देऊ."

"खरंच म्हंजे?"

"म्हणजे आता आहे तसं नाही. खरंखुरं."

"आन् सही नाय केली तर?"

बद्रीनाथनं झोपाळा पायानं थांबवला. "तर तू ठेकेदार आहेसच. लायसन तुझं, खातं तुझं. कंपनी पैसे भरंल आणि तुझी जमीन लावून घेईल. मी काय करणार? मी तर मधला माणूस."

सांडूनं त्याचा बंगला नीट पाहून घेतला. मधल्या माणसाच्या मानानं चांगला होता.

रात्रीच्या जेवणाआधीच सांडूनं बायकोला, द्वारकाबाईला, सगळं सांगितलं. ती मिरच्या निवडत होती.

"म्हंजे दोन वर्सं तुम्ही कंपनीचे मालक व्हते," ती म्हणाली.

"कंपनीचा नाय. एंटरप्रायजेसचा."

"तेच. आन् मी दुसऱ्याच्या वावरात अद्रक खुरपत व्हते."

सांडूही मिरच्या निवडायला लागला.

"पेलेला व्हता असं लिवलंय?"

"व्हय."

"बिरूभाऊ?"

"व्हय."

द्वारकाबाईनं मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं. "जमीन जायची तर जाऊ द्या. तिच्यात तसंबी काय पिकतं. पण मला रोज वाडीवरून पाणी आणायला जावं लागतं. सुगंधाबाईच्या तोंडासमोरून."

सांडूनं सही केली नाही. त्यानं हे कुणाला कळवलंही नाही, फक्त गेला नाही. पुढच्या सोमवारी वाळूजला गेला तेव्हा वॉचमननं त्याला ना मागच्या गेटनं सोडलं ना पुढच्या. "ऑर्डर है भाई," एवढंच म्हणाला, आणि वाईट वाटून त्याला तंबाखू दिली. तेव्हापासून सांडू पिशोरात अद्रकीच्या व्यापाऱ्याकडं गोण्या उचलू लागला.

आपली बाजू त्यानं स्वतःच कोर्टाला एका कागदावर लिहून दिली. त्यात तीन वाक्यं होती. मी मजूर आहे. बिरू मजूर होता. बाकी मला माहीत नाही.

*

केसच्या तारखा पडत राहिल्या. तारखेला तिघं सोबत जायचे आणि कोर्टात गेल्यावर वेगवेगळ्या बाकांवर बसायचे, कारण मॅडमनं तसं सांगितलं होतं. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा एकत्र. गावात लोक सांडूला विचारायचे, केसचं काय झालं, जिंकणार का. आपण कोणत्या बाजूनं जिंकायचं आहे याबद्दल त्याची खात्री नव्हती.

मधे एकदा तडजोडीसाठी माणसं वाडीवर आली. गावचे माजी सरपंच कडुबा तात्या आणि त्यांच्यासोबत कंपनीचे विश्वजीत साहेब. साहेबांनी स्टॅम्पपेपर आणला होता, आणि एक जाड पाकीट. सुगंधाबाईनं घोंगडी अंथरली. सांडूलाही बोलावून घेतलं, कारण कागदावर त्याचंही नाव होतं.

"सुगंधे," तात्या म्हणाले, "घे. हातात आलेलं आपलं. कोर्टात गेलेली पिढी माघारी येत नाय. पोरीचं लगीन होऊन जाईल."

सुगंधाबाई पदर सावरून म्हणाली, "तात्या, वकीलबाई म्हणती, माणूस मेला की पैसे असे घरी देत नसतात. कोर्टात भरायचे असतात. घरी दिलेले धरत नाहीत."

"आसं कुठं असतं?"

"असतं म्हणे."

तात्या विश्वजीत साहेबांकडं वळले. "काय साहेब, असतं का असं?"

विश्वजीत साहेब पाणी पीत होते. त्यांनी भांडं खाली ठेवलं. "तांत्रिकदृष्ट्या असतं," ते म्हणाले.

"मंग आपण इथं कशाला आलो?"

यावर साहेबांनी बराच वेळ मेंढ्यांकडं पाहिलं. तात्या चांगले माणूस होते. गावात त्यांनी पुष्कळ भांडणं मिटवली होती, पण नियम मोडून कधी नाही. त्यांनी आपली टोपी उचलली. जाताना विश्वजीत साहेब सांडूजवळ थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझ्या हातात काही नसतं हो. मीपण कंत्राटीच आहे. अकरा-अकरा महिन्यांचं." त्यानं साहेबांना गाडी वळवायला जागा दाखवली.

आधी सुगंधाबाईची साक्ष झाली. मऊ आवाजाच्या वकीलसाहेबांनी तिला विचारलं, "तुमच्या नवऱ्याला पगार सांडू देत होते, हे खरं आहे?"

"व्हय."

"म्हणजे ते सांडूंकडे कामाला होते."

"ते मला माहीत नाय. सांडूभाऊला टायफाइड झाला तवा दोन महिने सगळ्यांचा पगार आमच्या ह्यांनी वाटला. त्यांचं कार्ड घेऊन काढायचे. सांडूभाऊचा बी घरी आणून दिला."

वकीलसाहेबांनी हा प्रश्न पुढं नेला नाही. पिण्याबद्दल त्यांनी एकदा विचारून बघितलं, पण शवविच्छेदनाच्या अहवालात तसं काही नव्हतं. मग ते बेल्टवर आले. तेव्हा रूपाली मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, की कामगार जखमी होऊन जगला असता तर त्यानं बेल्ट काढला की नाही याला महत्त्व होतं. तो मेला आहे. मेल्यावर कायदा ते विचारात घेत नाही.

न्यायाधीशांनी पुस्तक उघडून पाहिलं आणि मान डोलावली.

मागच्या बाकावर सांडू हे ऐकत होता. पाय मोडून बिरू जगला असता तर बेल्टपायी भांडावं लागलं असतं. मेला म्हणून सुटला. हे त्यानं मनात दोन-तीनदा फिरवून पाहिलं. चूक काही सापडली नाही.

पुढच्या तारखेला सांडू पिंजऱ्यात उभा राहिला. त्याच्याकडं वकील नव्हता. तो बरंच बोलणार होता. सकाळपासून त्यानं मनात जुळवलं होतं: बिरू कसा चढला, ऊन किती होतं, खाली मशीन बंद करा म्हणून आपण सुपरवायझरला कसं म्हणालो होतो, आणि शेवटी काय झालं. पण वकीलसाहेबांना त्यातलं काही नको होतं.

"सांडू एंटरप्रायजेसच्या लायसनवर तुमची सही आहे?"

"हाय."

"बँक खातं तुमचं?"

"माझंच."

"त्या दिवशी बिरूला वर चढायला तुम्ही सांगितलं?"

"व्हय. मी म्हणलो, आज तुझी पाळी."

वकीलसाहेब समाधानानं खाली बसायला निघाले. न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी सांडूकडं नीट पाहिलं.

"पाळी म्हणजे?"

"एक दिस तो वर, मी खाली. एक दिस मी वर, तो खाली. वर ऊन लई लागतं ना साहेब."

"तुम्ही स्वतः छपरावर चढायचात? पत्रे टाकायला?"

"एक दिसाआड."

"आणि तुम्ही चढायचं, हे कोण सांगायचं?"

"सुपरवायझर साहेब. कंपनीचे."

न्यायाधीशांनी ते स्टेनोला सांगून लिहून घेतलं. वकीलसाहेब पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी आणखी पुष्कळ विचारलं. सांडूनं बहुतेकांना हो म्हटलं, कारण बहुतेक खरं होतं. बिरू पडला तेव्हा काय झालं, हे कुणीच विचारलं नाही. तो पडला हे सगळ्यांना मान्य होतं. "उतरा," म्हटल्यावर सांडू उतरला. सकाळपासून जुळवलेलं सगळं तसंच त्याच्याजवळ राहिलं.

*

निकाल लागायला आणखी एक उन्हाळा गेला. छप्पर असल्याशिवाय कारखाना चालत नाही, तेव्हा त्याची दुरुस्ती हे कारखान्याचंच काम, असं कोर्टानं धरलं. भरपाई कंपनी आणि बद्रीनाथ यांनी मिळून कोर्टात भरायची, व्याजासकट. गैरअर्जदार नंबर तीन हा नावाचा ठेकेदार होता, प्रत्यक्षात तोही मजूरच होता, म्हणून त्याच्याविरुद्धचा अर्ज फेटाळण्यात येत आहे.

"म्हंजे मी हरलो का जिंकलो?" सांडूनं कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात विचारलं. आता मॅडमला त्याच्याशी बोलायला हरकत नव्हती.

"सुटलात. तुम्ही कामगार होतात, असं कोर्टानं म्हटलंय."

"कुणाचा?"

"कंपनीचा. बद्रीनाथमार्फत."

"मंग मला कामावरून काढलं ते?"

"त्याची वेगळी केस होते," रूपाली मॅडम म्हणाल्या. "टाकायची?"

"आता नको," सांडू म्हणाला. "अद्रकीचा सीझन हाय."

कंपनी वरच्या कोर्टात जाणार हे उघड होतं. पण आधी पैसे भरावे लागतात आणि मग अपील ऐकतात, असं मॅडमनं सांगितलं. बद्रीनाथ आणि कंपनी आता एकमेकांकडं बोट दाखवत होते. त्यात पुन्हा साक्षीला यावं लागेल, असं मॅडम म्हणाल्या. सांडूला त्याचं काही वाटलं नाही. एव्हाना त्याला कोर्टातली थंड पाण्याची टाकी कुठं आहे ते माहीत झालं होतं.

मध्यवर्ती बसस्थानकावर पिशोरची गाडी लागायची होती. ज्ञानेश्वरी ओढणी घेऊन फलाटावर उभी राहिली, गाडी आली की खिडकीतून टाकून जागा धरायला. ती आता नर्सिंगला जाणार होती. सांडू आणि सुगंधाबाई चहाच्या टपरीवर थांबले.

"भाऊ," सुगंधाबाई म्हणाली, "एक इचारू?"

"इचारा की."

"पडायच्या आधी काय म्हणले का ते?"

दोन वर्षांत हे तिनं विचारलं नव्हतं. कोर्टानं विचारलं नव्हतं, पोलिसांनी नाही, विश्वजीत साहेबांनी नाही. सांडूनं पेला टपरीच्या फळीवर ठेवला.

"जेवायची येळ झाली व्हती. मी खाली डबा उघडला. त्यानं वरून बघितलं. म्हणला, पाटील, लोणचं संपवू नका, मला ठिवा. म्हणलो, ठिवतो, ये. तो वळला."

"मंग?"

"मंग पडला."

सुगंधाबाई स्टँडवरच्या गाड्यांकडं बघत राहिली. एक कन्नडची गेली, एक सिल्लोडची.

"पडल्यावर कण्हले बिण्हले?"

"नाय वैनी. काईच नाय."

"कोणतं लोणचं?"

"कैरीचं. तुमच्या बरणीतलं."

"ते खारट झालं व्हतं त्या वर्षी," सुगंधाबाई म्हणाली. "मीठ माझ्याकडनं दोनदा पडलं. ह्यांनी कधी बोलून दाखवलं नाय."

"मलाबी नाय बोलला."

"तुम्हाला खारट लागलं नाय?"

"लागायचं," सांडू म्हणाला. "पण चांगलं व्हतं."

तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि चहा पिऊन टाकला. तेवढ्यात फलाटावरून ज्ञानेश्वरीनं हाक मारली. गाडी लागली होती आणि माणसं दारात गर्दी करत होती. सांडूनं दोन्ही पिशव्या उचलल्या.

"एक द्या इकडं," सुगंधाबाई म्हणाली. त्यानं हलकी बघून दिली.